भाऊ अमेरिकेहून रडार डिटेक्टर आणतोय, घ्यावा का?

सीवूडकर:
नमस्कार मंडळी. राहायला सीवूड्स, ऑफिस पुण्यात, त्यामुळे एक्स्प्रेसवे सुटत नाही. ई-चलानांनी जीव नकोसा केलाय. थोरला भाऊ डॅलसला असतो, गणपतीत येतोय. त्याच्या गाडीत रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोजायचं रडार ओळखणारं यंत्र) आहे, म्हणतो पोलीस दिसायच्या कितीतरी आधी हा ओरडतो. युनिडेन कंपनीचा एक जुना पडून आहे, आणू का विचारतोय. फुकट मिळतोय म्हणून मोह होतोय. इथे चालेल का, आणि लावायचा कुठे? ('हळू चालवा' हे बायको रोज सांगते, ते सोडून बोला.)

नौपाडा_वायरमन:
दादा, ठाण्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. असे डिटेक्टर बसवूनही दिलेत आणि काढूनही.

हा फक्त रिसिव्हर आहे. हवेत रडारची लहर असेल तरच तो बोलणार. अमेरिकेत पोलीस बहुतेक के बँड, म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, नाहीतर केए, म्हणजे ३३ ते ३६, वापरतात. रडारची लहर फाकत जाते, वळणापलीकडूनही आपटून येते, म्हणून भावाला लांबून कळतं.

आपल्याकडे इंटरसेप्टरजवळ, म्हणजे वेग मोजणाऱ्या पोलीस गाडीजवळ, उभा असलेला हवालदार पाहा, हातात बहुतेकदा लेझर गन असते. तिचा किरण ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद. नंबरप्लेटवर रोखला की अर्ध्या सेकंदात आकडा हजर. डिटेक्टर तेव्हाही ओरडतो, पण ती चलानाची पावतीच समजा.

एक्स्प्रेसवेवर तर २०२४ पासून आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांची वाहतूक यंत्रणा, आहे. जागचा वेग धरतातच, सरासरीही धरतात. दोन कमानींवर नंबरप्लेट वाचायची, मधल्या अंतराला वेळेने भागायचं. नंबरप्लेट वाचायला रडार लागतच नाही, मग डिटेक्टर ऐकणार काय? १६ किलोमीटर १०० च्या वेगाने कापायला ९ मिनिटं ३६ सेकंद लागतात. ८ मिनिटांत पोचलात की १२० सिद्ध झाला. कमानीखाली ब्रेक मारून काही होत नाही.

आता खोट्या बोंबा ऐका. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत आरशाशेजारी बसवला. वायर छताच्या कापडाखालून, ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) खाली आणून फ्यूज बॉक्सला टॅप मारला, काम देखणं झालं. ट्रायलला तीन हात नाक्यावरून माजिवड्याकडे निघालो, तर यंत्राचा टाहो थांबेना. पोलीस कुठेच नाही, शेजारी एक मोठी एसयूव्ही. तिच्या मागच्या बंपरमध्ये ब्लाइंड स्पॉटचं, म्हणजे आरशात न दिसणारी गाडी टिपणारं रडार, तेही २४ गिगाहर्ट्झचं. ती पुढे गेली, हा गप्प. पुढे मॉलच्या सरकत्या दाराजवळ परत सुरू. सिटी मोडवर, म्हणजे शहरात कमी ओरडायच्या सेटिंगवर, टाकल्यावर जरा शांत झाला. महिन्याभराने गिऱ्हाईक परत: "काढा हो, आई मागे बसली की दचकते."

घोडबंदरवासी:
एवढंही टाकाऊ नाही. काही फिक्स कॅमेऱ्यांत रडार असतं, तिथे माझा वेळेवर बोलतो. पण काच बघून घ्या. उष्णता अडवणारा धातूचा थर असलेल्या काचेतून सिग्नल नीट आत येत नाही. आणि आरशामागे कोंबू नका, पुढे मोकळा रस्ता दिसला पाहिजे. वायपरच्या पट्ट्यातही नको.

पामबीच_पंटर:
डिटेक्टर राहू दे, सरळ जॅमर लावला तर?

नौपाडा_वायरमन:
जॅमरचं नाव काढू नका. डिटेक्टर ऐकतो, जॅमर लहर सोडतो. असलं काही बिनपरवाना बाळगणं बेकायदा, माझ्या गॅरेजमध्ये आणूही नका. आणि सीवूडकर, भावाला सांगा, तिथेही व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डीसीत साधा डिटेक्टरसुद्धा चालत नाही.

सीवूडकर:
बरं, राहू दे मग. पण एका चलानावर १०७ लिहिलंय आणि मला पक्कं आठवतंय, काटा ११० च्या जरा वर होता. मशीन चुकतंय का?

नौपाडा_वायरमन:
उलट, बरोबर जुळतंय. कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, कमी दाखवून चालत नाही. फोनवर जीपीएसचा वेग लावून एकदा ताडून पाहा, तुमच्या गाडीत किती फरक आहे ते कळेल.

चलानाचा फोटो मात्र उघडून बघत जा. गाडी तुमचीच आहे का, जागा कुठली, मर्यादा किती धरलीय. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२१ च्या नियम १६७ए नुसार कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक पाटी लागते आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस यायला हवी. यातलं काही चुकलं असेल तर ऑनलाइन तक्रार टाका.

घोडबंदरवासी:
अटल सेतूवरही जपून हं. वर १०० आहे, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. उतरताना पाय सैल पडतो आणि तिथेच सापडतात लोक.

नौपाडा_वायरमन:
खरंय. गूगल मॅप्समध्ये वेगमर्यादेचा इशारा चालू करून ठेवा, तो फुकट आहे, वायर लागत नाही. गाडीत क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारं) असेल तर रस्ता मोकळा असताना जीपीएसच्या ९८ वर लावा, घाटाआधी काढा. भावाकडून काही मागवायचंच असेल तर चांगला डॅशकॅम मागवा, बसवून मी देतो. मेमरी कार्ड मात्र त्याच्यासाठीचं, टिकाऊ घ्यायला सांगा. साधं कार्ड सतत रेकॉर्डिंगमध्ये लवकर मरतं.