शब्दचर्चा: ‘अं तीप’ला मराठीत काय म्हणावं?

सबटायटलकार: फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोच्या ‘के देझोर्फेव्र’ या चित्रपटात (१९४७) शेवटाकडे इन्स्पेक्टर आंत्वान (लुई जुवे) फोटोग्राफर दोराला (सिमोन रनां) म्हणतो, तुम्ही ‘अं तीप दां मों झांर’ (शब्दशः ‘माझ्या तऱ्हेचा माणूस’) आहात, बायकांच्या बाबतीत तुमचं नशीब कधी उघडणार नाही. ‘तुम्ही माझ्यासारख्याच आहात’ असं केलं तर काहीतरी निसटतं. दुसरा पर्याय?

वैयाकरण: निसटतं ते लिंग. ‘तीप’ पुल्लिंगी, बोलीतला, बाप्यांसाठीच वापरतात. ‘सारख्याच’मधल्या ‘ख्या’नं तुम्ही दोराला परत बायकांत नेऊन बसवलंत. ‘सारखेच’ केलं तर लोक मुद्रितशोधनाची चूक समजतील. म्हणून विशेषणाच्या नादी न लागता पुल्लिंगी नामच हवं.

पाटीपेन्सिल: मग ‘बाप्या’च का नको? किंवा ‘मर्द’?

वैयाकरण: ‘बाप्या’त चेष्टा येते आणि जुवे तिथे अजिबात चेष्टा करत नाही. थकलेला पोलीस आहे, आपल्यासारखंच माणूस भेटलंय म्हणून बोलतो. ‘मर्द’ म्हणजे शौर्याची शाबासकी, ती इथे गैरलागू. मी ‘गडी’ घेईन. खेळगडी, सवंगडी यांतली बरोबरी त्यात आहे. नोकर हा अर्थ डोकावतो खरा, पण मागे ‘माझ्याच पठडीतला’ आलं की तो उरत नाही. ‘झांर’ म्हणजे प्रकार, तऱ्हा (व्याकरणातल्या लिंगालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द!), त्याला ‘पठडी’ चालेल. ‘जातकुळी’ जास्त गोड, पण ‘जात’ ऐकून प्रेक्षक भलतीकडे जाईल.

पाटीपेन्सिल: सरळ ‘समलिंगी’ लिहिलं तर नव्या प्रेक्षकाला कळेल तरी.

सबटायटलकार: नको. चित्रपटात ते नाव कोणीच घेत नाही. गायिका जेनीची तिथे राहिलेली फर आणायला दोरा खून झालेल्या घरात जाते, बोटांचे ठसे पुसते. जेनीचा नवरा मोरिस हा दोराचा बालपणीचा मित्र. त्यामुळे तिची सगळी धडपड मोरिससाठी, असं समजायला वाव राहतो, तो थेट या वाक्यापर्यंत. ‘बायकांच्या बाबतीत’ एवढ्यावर उलगडा होतो. आधीच लेबल लावलं तर तो मेला.

रीळवाला: फ्रेंच दिग्दर्शक शाब्रोलच्या ‘ले बिश’ या चित्रपटाचं (१९६८) दुखणं उलटं. ‘बिश’ म्हणजे हरिणी, लाडाची हाकही, आणि एकोणिसाव्या शतकातल्या बोलीत ठेवलेली बाई. फ्रेदेरिक (स्तेफान ओद्रां) श्रीमंत. पॅरिसच्या पाँ दे झार या पुलावर खडूनं हरिणी काढणाऱ्या मुलीला ती सेंट ट्रोपेच्या घरी नेते, म्हणजे तिन्ही अर्थ कामाला लागतात. मराठी ‘हरिणी’ नुसती डोळ्यांपाशी थांबते. ‘पाडस’ तर नपुंसकलिंगी पोर झालं. शीर्षक फ्रेंचच ठेवा.

वैयाकरण: सहमत. दोराच्या वाक्याचे मात्र दोन तुकडे करा. ‘तुम्ही माझ्याच पठडीतला गडी आहात.’ मग पडदा रिकामा, जुवे थांबतो तेवढा वेळ. नंतर ‘बायकांच्या बाबतीत तुमचं नशीब उघडायचं नाही.’ दोन्ही एकदम दाखवलीत तर ‘गडी’ कोणी वाचणारच नाही.