मदत हवी: नवे न्यायमूर्ती आले, रोस्टर (कोणतं काम कोणत्या न्यायमूर्तींकडे) बदललं. आता जुना निकाल फिरेल का?

अडलेला_अशील:
आमची रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात पडून आहे. मुद्दा तोच, ज्यावर आधीचा निकाल विरोधात गेलाय. आता नव्या न्यायमूर्तींचा शपथविधी झाला. ते वेगळा निकाल देतील ना? वकील म्हणतात थांबा. किती? लवकर सांगा.

पुरसीस:
खंडपीठ म्हणजे नागपूर-संभाजीनगर-पणजीचं, की दोन न्यायमूर्तींचं? मराठीत दोन्हींना एकच शब्द, तिथेच घोळ होतो. रिट घटनेच्या कलम २२६ ची (थेट रिट) की २२७ ची (खालच्या न्यायालयांवर देखरेख)? रूल (याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतल्याचा आदेश) निघालाय? आधीचा निकाल एकलपीठाचा (एकाच न्यायमूर्तींचा) का?

बोर्ड_वाचक:
ते सोडा, आधी सिटिंग लिस्ट (पीठांच्या कामवाटपाची यादी) बघा. कोणतं काम कोणाकडे हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. न्यायालयाची दिशा तिथेच ठरते.

कलम_२२६:
अर्धंच सांगताय. निकाल पटला नाही तरी तेवढ्याच न्यायमूर्तींच्या पीठाला तो डावलता येत नाही, मोठ्या पीठाकडे संदर्भ पाठवावा (प्रश्न सोपवावा) लागतो. नव्यांचा हात चालतो तो जामीन, अंतरिम स्थगिती, याचिका दाखल करून घेणं यात.

बोर्ड_वाचक:
मग केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचं (सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवणारं) काय? जानेवारी २०२४ मध्ये दोघा न्यायमूर्तींत मतभेद, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने नियम रद्द. कोण बसतं यावरच ठरलं ना?

कलम_२२६:
तिथे पीठातच फूट होती, आधीचा बंधनकारक निकाल नव्हता.

उगाच:
अवांतर: उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्चमध्ये ६५. २०१५ मध्ये न्यायमूर्तींचा नियुक्ती आयोग रद्द झाला नसता तर...

पुरसीस:
वेगळा धागा काढा हो.

अडलेला_अशील:
२२६. दोन न्यायमूर्ती, रूल निघालाय. आधीचा निकालही दोघांचाच. त्यावरची एसएलपी (सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी याचिका) एका ओळीत फेटाळली.

पुरसीस:
हे आधी सांगायचं! कारणं न देता एसएलपी फेटाळली तर तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होत नाही (कुन्हायम्मद, २०००). म्हणजे पूर्णपीठाची (तीन किंवा अधिक न्यायमूर्तींच्या) वाट मोकळी. निकाल दुसऱ्याच्या याचिकेतला ना? तुमचाच असेल तर पूर्वन्याय (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा काढता येत नाही) आडवा येईल. नसेल तर कोणतं कलम किंवा सर्वोच्च न्यायालयाचा कोणता निवाडा त्यात विचारातच घेतला नाही, ते दोन पानांत मांडा, पूर्णपीठापुढचा प्रश्न नेमका लिहा आणि मागणी युक्तिवादाच्या सुरुवातीलाच करा. नुसतं 'निकाल चुकला' म्हटलंत तर तोच निकाल लावून याचिका निकाली निघते. संदर्भ झाला की कागद मुख्य न्यायमूर्तींपुढे जातात, पीठ तेच नेमतात.

बोर्ड_वाचक:
पीठ बदलावं म्हणून तारखा मागू नका, लगेच लक्षात येतं. नवे न्यायमूर्ती पूर्वी सरकारी वकील असतील तर जुन्या आदेशांतली हजेरी तपासा. तुमच्याच प्रकरणात उभे राहिले असतील तर 'नॉट बिफोर मी' (हे प्रकरण माझ्यापुढे नको) होऊन तारीख वाया.

अडलेला_अशील:
पूर्णपीठ बसायला किती वेळ?

कलम_२२६:
मुदत नाही. तोवर जुनाच निकाल लागू, म्हणून संदर्भाच्या आदेशातच अंतरिम संरक्षण मागून घ्या.