रेघांपेक्षा चौकट बरी

गुणाकारासाठी प्रत्येक अंकाइतक्या आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांचे छेद मोजायची पद्धत मुलांना आवडते असं म्हणतात ते पटलं, पण ती २१ × १३ सारख्या लहान अंकांपुरतीच, तिथे १२ छेद येतात, ८९ × ९७ घेतलं की तेच २७२ होतात आणि पोरं वैतागतात. इथे नाशिकरोडला भाचीला मी चौकटीच्या वहीत ३४ × २७ चा आयत काढायला लावला, ३० नि ४, २० नि ७ असे भाग पाडले की चार घरं, ६००, २१०, ८०, २८, बेरीज ९१८. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीला शून्य का देतात हे तिला तिथेच दिसलं, २० च्या पट्टीत ६०० नि ८० मिळून ६८०!

आणि ही नवी टूम अजिबात नाही हो, भास्कराचार्यांनी लीलावतीत १३५ × १२ साठी १२ चे तुकडे पाडूनही गुणून दाखवलंय.