भावाचा एम-थ्री राहिला, बीईचा प्रवेश अडकला. मदत हवी आहे

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. त्याच्या परवानगीने लिहिते आहे.

दहावीनंतर त्याने शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. टक्के चांगले होते, म्हणून पुण्यात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न). दुसऱ्या वर्षाचे बाकी सगळे विषय सुटले, तिसरं वर्ष पूर्ण सुटलं. राहिला तो एकच, दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. आणि दुसऱ्या वर्षाचा एक जरी विषय राहिला तरी बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, प्रवेश मिळत नाही. इयर डाऊन लागलं, म्हणजे एक वर्ष मागे पडला. आता हिवाळी परीक्षेत विषय सुटला तरी बीईत बसायला पुढचा जून-जुलै उजाडणार.

तिसऱ्या वर्षात याने डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्ससारखे विषय पहिल्या फटक्यात काढले आहेत. डिप्लोम्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर याचा हात सगळ्यांत चांगला होता. पण एम-थ्रीच्या पेपरला बसला की पहिल्या पानावरच थांबतो. म्हणतो, 'ताई, सर फळ्यावर करतात तेव्हा कळतं, पुढची ओळ का आली ते नाही कळत.' कॉलेजात शिकवलं ते बारावी करून आलेल्या मुलांना धरून, भराभर. डिप्लोम्याच्या मुलांसाठी वेगळे तास घेऊ असं सांगितलं होतं, ते झाले नाहीत. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याला तिथेच परत जायचं आहे.

आता तो म्हणतो, डिग्री सोडतो. चाकणला एका कंपनीत डिप्लोम्यावर कंत्राटी काम मिळतंय, बारा तासांची शिफ्ट. बाबांची शेती सोयाबीन आणि हळदीची. यंदा सोयाबीनने काय दिलं ते इथे सांगायला नको. बाबा त्याला काही बोलत नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागतं. बरोबरची मुलं बीईच्या प्रोजेक्टला लागली, प्लेसमेंटच्या तयारीला लागली. याने त्यांच्या ग्रुपमधून नाव काढून घेतलं आहे. फोन उचलत नाही, जेवण धड नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डिप्लोम्याच्या मुलाने एम-थ्रीचा अभ्यास कुठून सुरू करावा? हे रिकामं वर्ष कसं काढावं, नोकरी करत की नुसता अभ्यास? आणि डिग्री खरंच इतकी मोलाची आहे का, की मीच उगाच हट्ट धरते आहे? मला गणित शिकवता येतं, पण सातवीपर्यंतचं. म्हणून तुमच्याकडे आले.

कृष्णाकाठ

ताई, मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवून निवृत्त झालो. तुमच्या भावाचं 'पुढची ओळ का आली ते कळत नाही' हे वाक्य मी डिप्लोम्याच्या कित्येक मुलांकडून ऐकलं आहे. त्याची बुद्धी कमी नाही, त्याच्या गणिताच्या पायातलं एक वर्ष गायब आहे. बारावीचा मुलगा दोन वर्षं कॅल्क्युलस करतो आणि मग पहिल्या वर्षाला एम-वन, एम-टू करतो. डिप्लोम्याचा मुलगा पहिल्या वर्षी थोडं गणित करतो, मग दोन वर्षं ड्रॉइंग, वर्कशॉप, मशीन, आणि तिथून एकदम एम-थ्रीत. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे एम-वन, एम-टू नाहीतच. पण एम-थ्रीची प्रत्येक ओळ ती दोन्ही झाली आहेत असं समजूनच लिहिलेली असते.

म्हणून त्याला एम-थ्रीचं पुस्तक आधी मिटायला सांगा. संपूर्ण एम-वन, एम-टू करायची गरज नाही, कर्व्ह ट्रेसिंग आणि सॉलिड जॉमेट्री खुशाल सोडावं. एम-वनमधलं पार्शल डिफरन्सिएशन, एम-टूमधली पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मल्टिपल इंटिग्रल्स, एवढंच. त्याच्याही आधी साधं इंटिग्रेशन: बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, ई रेज्ड टु एएक्स साइन बीएक्स. हे रोज हाताने, कागदावर. व्हिडिओ बघून नाही. मुलं इथे घाई करतात. 'सोपं आहे' म्हणून पुढे जातात आणि एम-थ्रीतल्या लाप्लासला पोचल्यावर अडतात, कारण लाप्लास ट्रान्सफॉर्मची व्याख्याच एक इंटिग्रल आहे.

मग एम-थ्री. मेकॅनिकलला पहिली दोन युनिट डिफरन्शियल इक्वेशन्स आणि ट्रान्सफॉर्म, ती इन-सेमला (सत्राच्या मधल्या परीक्षेला) ३० गुणांना. एंड-सेमला (सत्राच्या शेवटच्या परीक्षेला) ७० गुणांची उरलेली चार: स्टॅटिस्टिक्स, प्रॉबॅबिलिटी, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सची अ‍ॅप्लिकेशन्स. स्टॅटिस्टिक्स आणि प्रॉबॅबिलिटीला कॅल्क्युलस जवळजवळ लागत नाही. कोरिलेशन, रिग्रेशन, बायनॉमियल, पॉयसन, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन. कष्टाळू मुलगा ही दोन युनिट स्वतःच्या जोरावर पक्की करतो. एंड-सेमची सुरुवात तिथून करावी, कारण हातात काहीतरी आलं की पेपरला बसताना हात थरथरत नाही. पहिला प्रश्न सक्तीचा, त्यात दिलेल्या पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचं असतं. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

आणि एक गोष्ट त्याला माझ्याकडून नक्की सांगा. मोटरसायकलचा शॉकअप त्याने उघडलेला असणार. त्यात वस्तुमान आहे, स्प्रिंग आहे आणि तेलाचा विरोध आहे. तिन्ही मिळून जे समीकरण होतं तेच एम-थ्रीच्या पहिल्या युनिटचं दुसऱ्या ऑर्डरचं समीकरण. त्यावरून मांडलेल्या वर्गसमीकरणाची (ऑक्झिलरी इक्वेशनची) मुळं संमिश्र आली तर गाडी खड्ड्यातून निघाल्यावर झुलत झुलत शांत होते. मुळं वास्तव आणि वेगवेगळी आली तर न झुलता, पण सावकाश जागेवर येते. दोन्ही सारखी आली तर न झुलता सर्वांत लवकर. मी फळ्यावर हे काढायचो तेव्हा डिप्लोम्याची मुलं सर्वांत आधी मान हलवायची, कारण त्यांनी ते तेल हाताला लावलेलं असतं. बारावीच्या मुलांना नुसतं सूत्र माहीत असतं. एकदा हे दिसलं की 'ही ओळ का आली' हा प्रश्न उरत नाही.

एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पण ती वर सांगितलेला पाया झाल्यावर.

शॉपफ्लोअर

मीही डिप्लोम्यातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, एम-थ्रीनेच अडवलेला. सरांनी अभ्यासाचं सांगितलं आहे, मी नोकरीचं सांगतो.

ताई, चाकणची बारा तासांची शिफ्ट घेऊ देऊ नका. मी ती केली आहे. रात्रपाळी करून खोलीवर आल्यावर वही उघडत नाही, आणि हातात दर महिन्याला पैसे येऊ लागले की परीक्षेचा फॉर्म भरायचं राहून जातं. माझ्या खोलीतले दोघं असेच डिग्रीपासून तुटले. घरची गरज असेल तर जनरल शिफ्टचं काम बघावं. एखाद्या टूलरूममध्ये किंवा छोट्या डिझाइन ऑफिसात ड्राफ्टिंगचं. पैसे कमी मिळतील, पण संध्याकाळ त्याची राहील.

डिग्रीचं मोल विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो. डिप्लोम्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षा देता येतात, रेल्वेतही जागा असतात, ते कमी नाही. पण गेट ही एमटेकची प्रवेशपरीक्षा, यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, पुढे एमटेक, हे सगळे दरवाजे डिग्रीनेच उघडतात. खासगी कंपनीत डिप्लोमा ट्रेनी आणि ग्रॅज्युएट ट्रेनी एकाच दिवशी लागले तरी त्यांची पायरी वेगळी असते. काम डिप्लोम्याच्या मुलाला जास्त येत असतं, तरी. हे अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण तुमच्या भावाला याच व्यवस्थेत जगायचं आहे. आणि तो तीन चतुर्थांश रस्ता चालून आला आहे.

पैशांपलीकडचंही आहे. बीईला आम्ही हळद पॉलिश करायचा ड्रम केला होता. पहिल्यांदा चालवला तेव्हा सगळी फ्रेम थरथरत होती. बेअरिंग बदलून पाहिलं, पाय जड केले, काही होईना. शेवटी बसून फ्रेमची नॅचरल फ्रिक्वेन्सी (ती आपणहून ज्या गतीने थरथरते ती) काढली आणि ड्रमचा वेग तिच्या अगदी जवळ येतोय हे सापडलं. पुलीचा व्यास बदलला, थरथर गेली. ज्या एम-थ्रीने मला रडवलं त्याच समीकरणाने ते मशीन शांत केलं. डिप्लोम्यात मी मशीन दुरुस्त करायला शिकलो होतो, ते का बिघडलं हे कागदावर सांगता येणं डिग्रीत आलं. हळदीच्या घरचा मुलगा आहे, त्याला हे सांगा.

अबोली

अभ्यासाबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण जेवण नाही, फोन नाही, ग्रुप सोडला, हे वाचून राहवलं नाही. माझ्या बहिणीने इयर डाऊनच्या वर्षात हेच केलं होतं आणि आम्ही ते आळस समजत राहिलो. ताई, जमलं तर दोन दिवस पुण्याला जाऊन त्याच्यासोबत राहा. अभ्यासाचं काही विचारू नका. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची सेवा आहे, क्रमांक १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करून काय करावं ते विचारू शकता. आणि बाबांना सांगा, गप्प राहू नका. 'घरी ये, जेवून जा' एवढं तरी म्हणा.

शॉपफ्लोअर

अजून एक राहिलं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती का? मुदत असेल तर लगेच मागवा. पुनर्मूल्यांकनाचं मग ठरवता येईल, पण नेमकं कुठे गुण जातात ते दिसतं. माझ्या पेपरात पद्धत सगळीकडे बरोबर होती, चुकत होतं ते इंटिग्रेशन. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचं काय होईल ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात समक्ष विचारा, तोंडी ऐकलेल्यावर जाऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचा प्रतिसाद मी त्याला फोनवर वाचून दाखवला. शॉकअपचं ऐकून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'आधी कोणी असं सांगितलंच नाही.' छायाप्रतीची मुदत अजून आहे, अर्ज करतो म्हणाला. चाकणचं काम घेणार नाही असं अजून बोललेला नाही, पण उद्या जायचं होतं ते पुढे ढकललं आहे. शनिवारी मी पुण्याला जाते आहे. बाबाही येतो म्हणाले.

दोन प्रश्न उरले आहेत. सर, इंटिग्रेशनच्या सरावासाठी बारावीचं पाठ्यपुस्तक पुरेल का, की वेगळं काही घ्यावं? आणि तो पिंपरी-चिंचवडला राहतो, खोलीत चौघं आहेत. रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी, फार फी नसलेली अभ्यासिका त्या भागात कोणाला माहीत आहे का?

कृष्णाकाठ

बारावी सायन्सच्या गणिताचा दुसरा भाग पुरेल, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्सची प्रकरणं त्यातच आहेत. एकही उदाहरण सोडू नये. जिथे अडेल त्या पानाचा फोटो तुम्ही इथे टाका, मी रोज संध्याकाळी बघतो.