नुबिया म्हणजे इजिप्तची सावली नव्हे

साळुंकी

परवा 'जुनं_नाणं' यांचं नुबियावरचं, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेच्या, आजच्या उत्तर सुदानपर्यंतच्या नाईलकाठच्या मुलखावरचं टिपण वाचलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुशच्या, म्हणजे नुबियातल्या प्राचीन राज्याच्या, राजांनी देव, लिपी, पिरॅमिड सगळं इजिप्तकडून उचललं, शंभरेक वर्षं तिथल्या गादीवर बसले, असिरियनांनी पिटाळलं, आणि मग लोखंडाच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडून तोडून स्वतःच संपले. खाली सगळ्यांचं 'छान माहिती'. छान कसली?

केर्मापासून सुरुवात करा ना! इ.स.पू. 2500 च्या सुमारास नाईलच्या तिसऱ्या प्रपाताजवळ हे शहर वसलं. मधोमध कच्च्या विटांची प्रचंड वास्तू, तिला दफूफा म्हणतात, ती आजही 18 मीटरच्या आसपास उभी आहे. राजांची थडगी म्हणजे मातीचे मोठे गोल उंचवटे, आणि त्यांतल्या एकाच्या भोवती गायीबैलांची हजारो शिंगाळ मुंडकी ओळीने मांडलेली. यात इजिप्तचं काय आहे? पण 1913 पासून तिथे खणणाऱ्या रायझनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाला थडग्यात इजिप्शियन अधिकाऱ्याचे पुतळे मिळाले आणि त्याने ठरवूनच टाकलं की हे इजिप्तच्या सुभेदाराचं ठाणं. काळी माणसं एवढं उभारतील हे त्याला पटतच नव्हतं. ते पुतळे लुटून आणलेले होते! इजिप्तमधल्या एल-काबच्या सोबेकनख्तच्या थडग्यातला लेख 2003 मध्ये वाचला गेला, त्यात इजिप्तचा अधिकारी स्वतःच सांगतो की कुशची फौज आमच्यावर चालून आली होती. रायझनरला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपण त्याचीच री ओढतोय.

आणि कुशचा राजा पिये. इ.स.पू. आठव्या शतकात याने अख्खा इजिप्त जिंकला. नुबियातल्या एल-कुर्रूला त्याने स्वतःवर पिरॅमिड बांधवला हे सगळे सांगतात. आत काय आहे ते कोणी सांगत नाही. आत दगडी चौथरा आहे आणि त्याच्या कोपऱ्यांना खाचा आहेत, बाजेचे पाय बसावेत म्हणून. मेलेल्याला बाजेवर निजवून पुरायचं ही केर्माची चाल, तेव्हाच हजार वर्षं जुनी. फॅरो होऊनही माणूस आपल्या लोकांसारखाच निजला.

जुनं_नाणं

ताई, राग समजतो, पण केर्मा माझ्या टिपणाचा विषयच नव्हता. इजिप्तच्या पहिल्या थुतमोस राजाने इ.स.पू. 1500 च्या आसपास केर्मा मोडलं आणि पुढची चारशेहून जास्त वर्षं तिथे इजिप्तचा अंमल होता. नुबियातल्या जेबेल बर्कलला अमून या इजिप्शियन देवाचं देऊळ इजिप्तने उभारलं. त्याच देवळात पियेने आपला विजयलेख लावला, तो इजिप्शियन भाषेत आणि त्याच चित्रलिपीत. त्यात तो इजिप्तच्या सरदारांना मासे खातात आणि सुंता झालेली नाही म्हणून वाड्यात पाऊल ठेवू देत नाही! म्हणजे इजिप्शियनांपेक्षा जास्त इजिप्शियन. याला नक्कल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? बाजेच्या खाचा दाखवून आख्खं देऊळ झाकता येत नाही.

भीमथडी

त्याच विजयलेखात घोड्यांचा प्रसंग आहे, तो कसा विसरता? इजिप्तमधल्या हर्मोपोलिसला तिथला राजा नम्लोत शरण आला. सोनंनाणं, बायका सगळं पुढे ठेवलं. पिये आधी तबेल्यात गेला. वेढ्यात घोडे उपाशी राहिलेले बघून भडकला, आणि तुझ्या सगळ्या अपराधांपेक्षा हा मला जास्त लागला असं नम्लोतला सुनावलं. एल-कुर्रूला त्याचे आणि नंतरच्या राजांचे घोडे उभ्याने पुरलेत, साजासकट. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी होती, मला हे वाचून भरून येतं. इजिप्तच्या कुठल्या फॅरोने असं लिहून ठेवलंय? नक्कल करणारा माणूस असं काही स्वतःहून करत नाही.

वऱ्हाडी_पाषाण

राजेहो, घोडे पुरणं म्हणाल तर नागपूरजवळच्या माहुरझरीला या. तिथल्या शिळावर्तुळांत घोडे पुरलेत, तांब्याच्या अलंकारांसकट. काळही फार लांबचा नाही. संबंध जोडत नाही, नाहीतर उद्या कोणीतरी पियेला विदर्भाचा करून टाकेल. पण शाळेच्या पुस्तकात इजिप्तचे पिरॅमिड पानभर, आणि नुबियाही नाही न् माहुरझरीही नाही, याचा मला राग आहे. पोरांना दोन्ही कळलं पाहिजे.

भाता_आणि_ऐरण

जंगलतोडीच्या मुद्द्यावर बोलतो, तो आमच्या धंद्याचा आहे. मेरोएला, म्हणजे कुशच्या नंतरच्या राजधानीला, लोखंडाच्या मळीचे डोंगर आहेत, साइस नावाच्या विद्वानाने त्याला आफ्रिकेचं बर्मिंगहॅम म्हटलं, आणि तेव्हापासून ही 'भट्ट्यांनी जंगल खाल्लं' कथा फिरतेय. अलीकडच्या उत्खननांत तिथला कोळसा तपासला, तो बहुतेक बाभळीचा निघाला. शतकानुशतकं बाभळीचाच. जंगल संपत आलं असतं तर मिळेल ते लाकूड भट्टीत गेलं असतं ना? बाभूळ पडीक रानात, नदीकाठी भराभर उगवते. माझे आजोबा बाभळीचाच कोळसा वापरायचे, तो चांगली आच धरतो. आणि राज्य मोडल्यानंतरही तिथे लोखंड गाळणं चालूच होतं. लोहार टिकले, राजे गेले. मग दोष लोहारांच्या माथी का?

जुनं_नाणं

कोळशाचं बघतो. पण मेरोए पडलंच ना? तांबड्या समुद्रावरून व्यापार सुरू झाला आणि इथिओपियाकडच्या अक्सूम राज्याचं बस्तान बसलं. चौथ्या शतकात त्यांच्या एझाना राजाने या भागात स्वारी केल्याचा शिलालेख आहे. त्याच सुमारास मेरोएच्या राजांचे पिरॅमिड थांबतात.

साळुंकी

हे टिपणात लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. तुम्ही लिहिलंत असिरियनांनी पिटाळलं आणि संपले. कुशच्या हातून इजिप्त सुटला इ.स.पू. 656 च्या सुमारास. मेरोए संपलं इ.स. 350 च्या आसपास. मधली हजार वर्षं कुठे गेली? त्या हजार वर्षांत त्यांनी स्वतःची लिपी काढली, तिचे उच्चार कळतात पण भाषेचा बराचसा अर्थ अजून लागलेला नाही. अपेडेमाक हा सिंहमुखी देव इजिप्तचा नाही. मेरोएच्या अमानिरेनास राणीच्या काळात रोमशी युद्ध झालं, रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या पुतळ्याचं मुंडकं मेरोएच्या एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलं, म्हणजे येणाराजाणारा त्यावर पाय ठेवून जाईल. ते 1910 मध्ये सापडलं आणि आज लंडनमध्ये आहे. तहात ऑगस्टसने खंडणीही सोडली. पुढे ख्रिस्ती नुबियाने 652 मध्ये अरब फौज आपल्या डोंगोला या राजधानीहून परत पाठवली आणि करार केला, त्यावर कित्येक शतकं निभावलं. हे सगळं 'संपले' या शब्दात बसवलंत तुम्ही.

बुडीत_क्षेत्र

तुम्ही राजांच्या उदयास्तावर भांडताय. नुबिया बुडाला तो आपल्या आईवडिलांच्या काळात. अस्वानच्या मोठ्या धरणासाठी सुदानच्या बाजूचे सुमारे 50,000 नुबियन उठवले. सुदानच्या सरहद्दीवरच्या वादी हल्फा गावच्या लोकांनी 1960 मध्ये निदर्शनं केली, आम्हाला पूर्व सुदानातल्या खश्म अल-गिरबाला पाठवू नका म्हणून. ऐकलं नाही. जानेवारी 1964 मध्ये पहिली आगगाडी सुटली. नाईलकाठच्या खजुरीवाल्यांना शेकडो किलोमीटर लांब, पाऊस पडणाऱ्या परक्या मुलखात नेऊन टाकलं. काही जण हललेच नाहीत, पाणी चढेल तशी घरं वर वर सरकवत राहिले. अबू सिंबलचं प्राचीन इजिप्शियन देऊळ मात्र कापून 65 मीटर वर चढवलं. दगडांचं पुनर्वसन चोख झालं.

आमचं गाव धरणात गेलं. आजीला पर्यायी जमीन मिळाली ती खडकाची, आणि सातबाऱ्यावर नाव चढायच्या आधी ती गेली. त्यामुळे हा विषय निघाला की मी गप्प बसणार नाही.

जुनं_नाणं

आता प्राचीन इतिहासाच्या धाग्यात धरणाचं भाषण! मीही सांगतो मग. आमच्या गावात कालव्याचं पाणी आलं तेव्हा वडिलांनी खडी फोडायला जाणं सोडलं. मी शिकलो तो त्या पाण्यावर. 1980 च्या दशकात नाईलच्या उगमाकडे दुष्काळ पडला, इथिओपियात माणसं मेली, आणि इजिप्त तगला तो याच धरणामुळे. हेही लिहा. दरवेळी आम्हाला चोर ठरवू नका.

बुडीत_क्षेत्र

चोर कोणी म्हटलं? पाणी तुम्हाला मिळालं, चांगलं झालं. किंमत कोणी मोजली एवढंच विचारतोय. तुमच्या वडिलांची खडी सुटली आणि माझ्या वडिलांच्या हातात आली. यात खोटं काय आहे?

वऱ्हाडी_पाषाण

दोघंही जरा थांबा. एक गोष्ट माहीत असू द्या. पाणी चढायच्या आधी जगभरातून पथकं तिथे गेली, त्यात भारताचंही होतं. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली 1961-62 मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याने नुबियातल्या अफियेला उत्खनन केलं. नुबियाची काळी-तांबडी भांडी आपल्या महापाषाणी भांड्यांसारखी दिसतात हे त्यांनीच नोंदवलं. नुबियातल्याच फरासच्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं पोलिश पथकाने वाळूतून काढली. धरण झालं नसतं तर यातलं कितीतरी अजून वाळूखालीच असतं.

बुडीत_क्षेत्र

वाळूखाली सुरक्षित असतं. पाण्याखाली गेलेली कच्च्या विटांची गावं कोण खणणार? आणि हे थांबलेलं नाही. चौथ्या प्रपातावरचं मेरोवे धरण 2009 मध्ये सुरू झालं, तिथेही तेच. पुरातत्त्ववाल्यांना मुदत, गावकऱ्यांना नोटीस.

साळुंकी

मला धागा मूळ विषयावर आणायचा होता, पण आता वाटतं हाही तोच विषय आहे. केर्मावर रायझनरने इजिप्तचं नाव लावलं. मेरोएच्या अमानिशाखेतो राणीच्या पिरॅमिडची फर्लिनी या इटालियन खजिनाशोध्याने 1834 मध्ये मोडतोड केली आणि सोनं म्युनिक-बर्लिनला गेलं. मग धरण. आता 2023 पासूनच्या युद्धात खार्तुमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. राज्य एकदा पडतं, त्याची आठवण मात्र पुन्हा पुन्हा पाडली जाते. म्हणून 'नक्कल' असा शब्द आपण सहज वापरला की मला राग येतो.

जुनं_नाणं

केर्माचा परिच्छेद घालतो आणि मेरोएची हजार वर्षंही. जंगलतोडीचं वाक्य काढतो, कोळशावर माझ्याकडे उत्तर नाही. 'नक्कल' काढणार नाही, फार तर 'नपाताच्या राजांनी' (नपाता म्हणजे मेरोएआधीची कुशची राजधानी) एवढ्यापुरता ठेवेन. आणि धरणावर माझं मत तेच आहे.

बुडीत_क्षेत्र

मत ठेवा. पण परिच्छेद घालणारच आहात तर वादी हल्फा हे नाव घाला, आणि 1964 हे सालही.