जन्मावेळी हाताच्या नसेला इजा, 20 महिन्यांना पाचच शब्द: आधी काय तपासायचं?

चिकोडी_आरोग्य

मुलगा, वय 20 महिने. बाळंतपणात खांदा अडकला आणि उजव्या हाताची अर्ब्ज पाल्सी झाली, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या वरच्या नसांना (सी5-सी6) इजा होऊन हात कमजोर झाला. ऑपरेशन झालेलं नाही. कोपर वाकतं, पण हात खांद्याच्या वर जात नाही, तळवा वर वळत नाही. चालणं वेळेत आलं. शब्द पाचच: आई, बा, नीरु (कन्नडमध्ये पाणी), भू, नको. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. घरच्यांना तिघांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एक, हाताचा आणि जिभेचा संबंध नाही, वाट बघा. दोन, दोन भाषांनी गोंधळलाय, कन्नड थांबवा. तीन, डावखुरा होतोय म्हणून बोलत नाही, उजव्या हाताची सवय लावा. यातलं काय धरायचं?

वाचा_उपचार_बेळगाव

तिन्ही सोडा.

हाताकडे जाणाऱ्या नसा जिभेला जात नाहीत, एवढं बरोबर. पण "वाट बघा" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2014 साली अशा 20 लहान मुलांची भाषा तपासली, तेव्हा सुमारे 30 टक्के मुलं भाषेत मागं होती. अभ्यास छोटा आहे, तरी अशा मुलाची भाषा मुद्दाम तपासावी एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. साधारण 18 महिन्यांना दहाएक शब्द आणि 24 महिन्यांना 50 शब्द, शिवाय "आई ये" अशी दोन शब्दांची जोडी, ही आपली पट्टी. 20 महिन्यांना पाच शब्द म्हणजे आत्ताच तपासणी.

सुरुवात कानापासून. जन्मल्यावर रडायला उशीर झाला का, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता का, कावीळ वाढली होती का, हे विचारा. यातल्या कशाचंही उत्तर "हो" असेल तर नुसत्या ओएईवर (कानात आवाज सोडून होणारी झटपट तपासणी) थांबू नका, बेरा (कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची तपासणी) करून घ्या. ओएई कानाच्या आतल्या पेशींपुरती बोलते, पुढची नस मंद असली तरी ती "पास" दाखवू शकते. बेरा झोपेत होते, म्हणून त्या दिवशी मुलाला लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. नाहीतर तिथं पोचल्यावर टक्क जागा राहतो आणि खेप वाया जाते. आवाज घोगरा किंवा रडणं क्षीण असेल तर स्वरयंत्रही दाखवा, कठीण बाळंतपणात तिथल्या नसेलाही क्वचित इजा होते.

आता हाताचं. मूल शब्दाआधी हातानं बोलतं. "घे" म्हणायला दोन्ही हात वर, "संपलं" म्हणायला दोन्ही तळवे उताणे, शिवाय टाळी आणि नमस्कार. सी5-सी6 ची ताकद कमी असली की नेमक्या याच हालचाली अडतात. मूल एक हात अर्धवट उचलतं, मोठ्यांना ती खूण वाटतच नाही आणि कुणी उत्तर देत नाही. म्हणून डाव्या हातानं बोट दाखवलं तरी लगेच त्या वस्तूचं नाव घ्या: "भांडं? भांडं हवं?" मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ही गप्प राहायची जागा घरच्यांना सगळ्यात अवघड जाते. ते लगेच वस्तू हातात देऊन टाकतात आणि मुलाला बोलायची गरजच उरत नाही.

दोन भाषांमुळं बोलणं उशिरा येत नाही. नीरु आणि पाणी दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही शब्द मोजा. कन्नड बंद केलं तर अंगणवाडीतले चार तास मुका होईल.

डावखुरेपणाचं: उजव्या हाताला इजा असेल तर डावा पुढं येणारच. 2009 साली हंगेरीतल्या संशोधकांना फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) असं दिसलं की उजव्या हाताला इजा झालेल्यांत भाषेचं काम मेंदूच्या उजव्या बाजूकडे सरकतं. मेंदूनं केलेली ही सोय आहे, दोष नव्हे. जबरदस्ती नको.

फिजिओ_लहान_मुलं

वरच्यात व्यायामाची भर. दिवसातून तीनदा ताण देत असतील तर तो वेळ नुसत्या रडारडीत जाऊ देऊ नका, कारण तेव्हा आईचा चेहरा मुलाच्या अगदी समोर असतो. उताणा निजवा, कोपर 90 अंशांत वाकवून बरगडीला टेकवा, मग पुढचा हात हळू बाहेर वळवा. हात वर नेताना खांद्याचं पातं तळहातानं दाबून धरा, नाहीतर पातंच सरकतं आणि सांधा आखडलेलाच राहतो. धरून ठेवताना "एक, दोन…" मोजा आणि "तीन"च्या आधी थांबा. रोज तीच जागा आली की मूल तिथं आवाज काढायला लागतं.

बाहेर वळणं आधीपेक्षा कमी झालं असेल तर महिनाभरही थांबू नका. खांद्याचा गोळा मागं सरकत असू शकतो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि बगलेत धरून किंवा हात ओढून उचलायचं नाही. तान्ह्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या आजींनाही सांगा: मालिश चालेल, दोन्ही हात छातीवर उलटसुलट ओढायचे नाहीत. अंगडं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. अशी इजा झालेलं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी कोपर स्वतःहून वाकत नसेल तर नसांच्या सर्जनकडे पाठवायचं. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते आणि स्नायू फार काळ तिची वाट बघत नाही.

चिकोडी_आरोग्य

धन्यवाद. पाठवताना सोबत काय द्यायचं?

वाचा_उपचार_बेळगाव

आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीमकडून जिल्ह्याच्या डीईआयसीला (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी घ्या, तपासणी फुकट होते. सोबत बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी (बोबडे असले तरी जसे म्हणतो तसेच लिहा) आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. नव्या जागी मुलं गप्प बसतात, व्हिडिओ नसेल तर त्या पाचातलेही दोनच शब्द ऐकू येतील.