नागपूर देशाच्या मध्यावर आहे, म्हणून तिथे विमानांचं हब होईल?

मागचीसीट (धागाकर्ता)

मिहानचा (नागपूरच्या कार्गो हब आणि विमानतळ प्रकल्पाचा) विषय निघाला की कुणीतरी नकाशा काढतोच. झिरो माइलवर बोट ठेवायचं, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता चारही कशा जवळपास सारख्या अंतरावर आहेत ते दाखवायचं आणि म्हणायचं, हब, म्हणजे विमान बदलायचं मधलं ठाणं, इथेच व्हायला हवं होतं, पुढाऱ्यांनी घात केला. पुढाऱ्यांना शिव्या घालायला मला इतर कारणं पुष्कळ सापडतात, पण हे त्यातलं नाही. कंपनी एवढंच बघते, की कनेक्शनवाले प्रवासी कमी आले तरी गावातल्या गिऱ्हाइकांवर विमान निम्मं भरेल का.

हबचं गणित मोहक आहे, मान्य. वीस शहरं एकमेकांना थेट जोडायची तर १९० मार्ग लागतात. तीच वीस शहरं मधल्या एका विमानतळाला जोडली की वीस मार्गांत काम भागतं. फक्त सगळी विमानं साधारण एकाच वेळी उतरली पाहिजेत, तास-दीड तासात माणसं आणि बॅगा इकडच्या तिकडे झाल्या पाहिजेत आणि पुन्हा सगळी एकदम सुटली पाहिजेत. मधल्या वेळात मात्र टर्मिनलला शुकशुकाट आणि पगार चालूच. हा खर्च सोसायला गाव मोठं लागतं.

अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीने १९४१ मध्ये मुख्यालय लुइझियानातल्या मन्रोहून अटलांटाला नेलं. आज तिथून वर्षाला दहा कोटींहून जास्त प्रवासी जातात, पण अटलांटा परिसराची वस्तीच साठ लाखांच्या वर आहे. पिट्सबर्गने १९९२ मध्ये यूएस एअरच्या हबसाठी नवंकोरं टर्मिनल बांधलं. २००४ मध्ये कंपनीने हब गुंडाळलं, टर्मिनल राहिलं. नागपूरचे प्रवासी वर्षाला तीस लाखांच्या आसपास, दिल्लीचे पावणेआठ कोटींच्या वर. बोला आता.

झिरोमाइल

राजेहो, होईल का म्हणून काय विचारता? झालं होतं! १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं चार महानगरांतून निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जमायची. डाकोटा विमानांतून टपालाच्या थैल्या उतरायच्या, दिल्लीची थैली मद्रासच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या. प्रवासीही तिथेच विमान बदलायचे. पहाटे सगळी विमानं आपापल्या गावी परत. तुमचं ते इकडच्या तिकडे करणं अमेरिकेत गाजायच्या कितीतरी आधी नागपुरात रोज रात्री होत होतं.

मागचीसीट

होत होतं, आणि बंद का झालं? डाकोटाला दिल्ली-मद्रास एका दमात जड जायचं, मधे उतरणंच सोयीचं होतं. जेट आल्यावर तेच अंतर अडीच-पावणेतीन तासांवर आलं. एवढ्यासाठी नागपुरात उतरून तासभर बसायला कोण तयार होईल? देशांतर्गत प्रवासात मध्यावर असणं हीच अडचण आहे: कुठूनही कुठेही जायचं तर थेट विमान परवडतं.

कार्गोवाला

माणसांचं जाऊ द्या. पार्सल तक्रार करत नाही, त्याला झोप लागत नाही आणि कॉफीही नको असते. अमेरिकेतलं मेम्फिस बघा. फेडेक्स या पार्सल कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री तिथून १४ विमानांनिशी सुरुवात केली, २५ शहरांसाठी १८६ पार्सलं. मेम्फिस का? देशाच्या मध्याजवळ, हवामानामुळे विमानतळ क्वचितच बंद, आणि लिटल रॉक शहराने जी सोय दिली नाही ती यांनी दिली. त्याच मेम्फिसमधलं प्रवासी हब डेल्टाने २०१३ मध्ये बंद केलं, फेडेक्स तिथेच आहे. म्हणजे धागाकर्त्याचा नियम माणसांना लागू, मालाला नाही. नागपूरवाल्यांनी प्रवासी टर्मिनलची स्वप्नं सोडून रात्रीची धावपट्टी मागावी.

मागचीसीट

मागून मिळालीच होती की. कॅप्टन गोपीनाथांच्या डेक्कन ३६० या मालवाहू विमान कंपनीने २००९ मध्ये हेच गणित मांडून नागपूरला हब केलं. २०११ मध्ये कारभार थांबला.

कार्गोवाला

कंपनीचा पैसा आटला, त्यात नागपूरचा काय दोष?

सांताक्रूझ_पूर्व

धागाकर्त्याचा मूळ मुद्दाच मला पटत नाही. गावातलं गिऱ्हाईक हाच निकष असता तर एअर इंडिया मुंबई सोडून गेलीच नसती. टाटांनी विमानसेवा सुरू केली १९३२ मध्ये, कराचीहून जुहूला. पैसेवाला प्रवासी इथे, कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला. तरी २०१० मध्ये दिल्लीचं टी-३ (तिसरं टर्मिनल) उघडल्यावर हब तिकडे गेलं आणि २०१३ मध्ये मुख्यालयही. कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. दिल्लीत तेव्हा तीन होत्या, आता चार. विमानं एकदम उतरवायची आणि एकदम सोडायची तर जागा नको?

आणि दिल्लीचंही फार कौतुक नको. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. फिनलंडच्या फिनएअरने आशियाचा धंदा हेलसिंकीवरून उभा केला होता, कारण रशियावरून वाट जवळची. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि जवळची वाटच गेली. गावात गिऱ्हाईक असो वा नसो, वरची हद्द उघडी असावी लागते.

दुपारचीझोप

दुबईला १९८५ मध्ये कुठलं आलंय गावातलं गिऱ्हाईक? एमिरेट्सने भाड्याच्या विमानांवर सुरुवात केली, पहिलं उड्डाण कराचीला. सरकारने मनावर घेतलं म्हणून झालं.

मागचीसीट

दुबईचं सोडा हो, तिथे मालक, विमानतळ आणि परवाना देणारा सगळे एकाच घरातले. आपल्याकडे विमानतळ एकाचा, कंपनी दुसऱ्याची आणि इंधनावरचा व्हॅट राज्याचा. २०२३ मध्ये मुंबई-पुण्याला तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. नागपूरला आधीपासूनच त्याहून बराच कमी होता. आलं का कुणी?

धावपट्टीचा मुद्दा मात्र बिनतोड. माझं वाक्य असं वाचा: आधी गिऱ्हाईक, मग जागा. मुंबईकडे पहिलं होतं, दुसरं नव्हतं. नागपूरचं उलट.

झिरोमाइल

आमच्याकडचं गिऱ्हाईक कुठे जातं ते पण सांगा की. नागपूरहून दोहाला थेट विमान आहे. इथला पोरगा दोहाला विमान बदलून अमेरिकेला जातो. त्याचं हब दिल्लीही नाही आणि मुंबईही नाही.

सांताक्रूझ_पूर्व

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झालंय, म्हणजे जागेची सबब संपत आली. पण कंपन्यांनी थोडी विमानं तिकडे आणि थोडी सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, ठेवली, तर नागपूरहून येऊन लंडनला जाणाऱ्याला मधे टॅक्सी करून खाडी ओलांडावी लागेल. कुणीतरी एकीने आपला सगळा ताफा तिकडे हलवला तरच हब. तोवर झिरोमाइल, तुमच्या पोराला दोहाच बरं.